तीन चकत्यांची स्मृती

उमरेडसारख्या तालुक्याच्या गावातील क्ष-किरण केंद्रात काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आतल्या बाजूला, जो चपटा प्लास्टिकचा बिल्ला लावलेला असतो त्याला काटा नसतो, आकडे दाखवणारी पट्टी नसते आणि विजेचा घटही नसतो. तीन महिने तो नुसता अंगावर वागवला जातो आणि मग प्रयोगशाळेकडे परत पाठवला जातो. त्याच्या पोटात निकेलचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची एक छोटी पट्टी असते आणि त्या पट्टीच्या तीन भोकांत तीन पांढऱ्या चकत्या बसवलेल्या असतात. प्रत्येक चकतीचा व्यास सुमारे १३ मिलिमीटर आणि जाडी ०.८ मिलिमीटर असते. चकत्यांतील कामाचा पदार्थ म्हणजे कॅल्शियम सल्फेट, जे जिप्सममध्ये आणि हाड मोडल्यावर घालतात त्या प्लास्टरमध्ये असते तेच. फरक एवढाच की त्यात डिस्प्रोशियम नावाच्या धातूचा अगदी किंचित अंश मुद्दाम मिसळलेला असतो. तीन महिन्यांत त्या माणसाच्या शरीरावर किती प्रारण पडले, याची नोंद या चकत्या करतात आणि ती नोंद ऐन उन्हाळ्यातही पुसू देत नाहीत. हे काम वाटते त्यापेक्षा पुष्कळच अवघड आहे.

अडचण मुळात मोजायच्या राशीची आहे. प्रारण म्हणजे क्ष-किरण, गॅमा किरण किंवा बीटा कण यांच्या रूपाने प्रवास करणारी ऊर्जा, आणि त्यातला जो भाग पदार्थात शोषला जातो त्याला मात्रा म्हणतात. भारतात प्रारणाच्या सान्निध्यात काम करणाऱ्या व्यक्तीसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा असून कोणत्याही एका वर्षात ती ३० मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायची नसते. आकडा ऐकायला मोठा वाटतो, परंतु क्ष-किरणांच्या बाबतीत १ मिलिसिव्हर्ट म्हणजे एक किलोग्रॅम ऊतकात शोषली गेलेली केवळ एक सहस्रांश ज्यूल ऊर्जा होय. एवढ्या ऊर्जेने एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम चौथा हिस्सा इतकेच वाढते. कोणत्याही तापमापकाने ते टिपणे शक्य नाही, आणि तीन महिने थेंबाथेंबाने साचत जाणारी अशी ऊर्जा टिपणे तर त्याहून अशक्य. म्हणून ऊर्जा आली त्या क्षणी मोजण्याचा नाद सोडून, ती एखाद्या स्फटिकात साठवून ठेवायची आणि सवडीने एकदम बाहेर काढायची, असा मार्ग काढण्यात आला. या मार्गाला उष्मासंदीप्ती, म्हणजेच थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात: आधी प्रारण शोषलेला स्फटिक तापवला असता त्यातून प्रकाश बाहेर पडतो, आणि तो प्रकाश शोषलेल्या मात्रेच्या प्रमाणात असतो. नाव फसवे आहे, कारण प्रकाशाची ऊर्जा उष्णतेतून येत नाही. ती प्रारणाने पूर्वीच दिलेली असते आणि उष्णता फक्त दार उघडते. असा प्रकाश देणाऱ्या पदार्थाला फॉस्फर म्हणतात, त्याचा फॉस्फरस या मूलद्रव्याशी काही संबंध नाही.

दार उघडणे हा शब्द येथे जवळजवळ शब्दशः घेता येतो. स्फटिकात अणू ठरावीक अंतरांवर रांगेने मांडलेले असतात आणि त्या मांडणीमुळे इलेक्ट्रॉनांना कोणत्याही ऊर्जेवर राहता येत नाही. एक खालचा पट्टा, जिथे इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंशी बांधलेले असतात, आणि एक वरचा पट्टा, जिथे ते स्फटिकभर मोकळे हिंडू शकतात, अशा दोन पातळ्या असतात आणि मधल्या जागेत शुद्ध स्फटिकात कोणालाच थारा नसतो. प्रारणाचा आघात झाला की काही इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात फेकले जातात आणि त्यांच्या जुन्या जागी पोकळ्या उरतात. स्फटिक अगदी निर्दोष असता तर हे इलेक्ट्रॉन क्षणार्धात खाली येऊन पोकळ्या भरून टाकते आणि कसलाही मागमूस उरला नसता. परंतु जिथे एखादा अणू गहाळ आहे किंवा परका अणू घुसलेला आहे तिथे मधल्या निषिद्ध जागेत एकाकी पातळ्या तयार होतात, आणि भटकी जनावरे कोंडवाड्यात अडकावीत तसे इलेक्ट्रॉन किंवा पोकळ्या त्यांत अडकून पडतात. सुटकेसाठी दंड भरावा लागतो, आणि तो उष्णतेच्या रूपाने. दंड भरून बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन जेव्हा एखाद्या पोकळीशी पुन्हा जुळतो तेव्हा सुटणारी ऊर्जा जवळच्या परक्या अणूला मिळते आणि तो अणू ती प्रकाशरूपाने टाकून देतो.

या वर्णनातली खरी मेख दंडाच्या रकमेत आहे. सापळा उथळ असेल तर खोलीच्या साध्या उष्णतेनेच इलेक्ट्रॉन निसटतात आणि स्मृती काही तासांत विरते; फार खोल असेल तर त्याला बाहेर काढण्यासाठी एवढे तापवावे लागते की तापलेला पदार्थ स्वतःच लाल होऊन चमकू लागतो आणि खरा प्रकाश त्या उजेडात हरवतो. सापळ्यातून सुटण्याचा वेग तापमानाबरोबर सरळ रेषेत न वाढता घातांकी पद्धतीने वाढतो, हे रँडॉल आणि विल्किन्स यांनी १९४५ मध्ये गणिताने मांडले. म्हणूनच स्फटिक सावकाश तापवत नेला तर आधी अंधार, मग ठरावीक तापमानाजवळ उसळलेला प्रकाश आणि पुन्हा अंधार, असा शिखर असलेला आलेख मिळतो. त्याला दीप्ती-वक्र म्हणतात. अनुभवाने असे ठरले आहे की मात्रामापनासाठी हे शिखर साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असलेले बरे.

सल्फेटाची या क्षेत्रातली हजेरी जुनी आहे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६३ मध्ये हिरा अंगाच्या उबेने अंधारात मंद चमकतो असे नोंदवले होते, परंतु वीडेमान आणि श्मिट या जर्मन संशोधकांनी १८९५ मध्ये जे पदार्थ प्रयोगशाळेत मुद्दाम तयार करून तपासले त्यांत मँगनीजयुक्त कॅल्शियम सल्फेट होते. हा फॉस्फर विलक्षण संवेदनशील होता, इतका की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तो अग्निबाणांतून वर पाठवून सूर्याच्या अतिदूर जंबुपार किरणांचे आणि क्ष-किरणांचे मापन करण्यात आले. मात्र त्याचे दीप्ती-शिखर १०० अंशांच्या आसपास होते, म्हणजे सापळे उथळ होते, आणि काही दिवसांतच साठवलेला बराचसा प्रकाश गळून जाई. काही मिनिटे उडणाऱ्या अग्निबाणाला ते चालले. तीन महिने बिल्ला वागवणाऱ्या माणसाला चालण्यासारखे नव्हते, आणि नवतप्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या विदर्भात तर नाहीच. १९५० च्या दशकात फॅरिंग्टन डॅनियल्स यांच्या पुढाकाराने लिथियम फ्लोराइड पुढे आले आणि सल्फेट मागे पडले. ते परत आले ते जपानमधील यामाशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. मँगनीजऐवजी डिस्प्रोशियम किंवा थुलियम ही विरल मृत्तिका गटातील मूलद्रव्ये मिसळली तर दीप्ती-शिखर २२० अंशांच्या आसपास सरकते, असे त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात सविस्तर दाखवले. आश्रय देणारा पदार्थ तोच, पाहुणा बदलला आणि स्मृती दिवसांवरून महिन्यांवर गेली.

पाहुण्यांची संख्या फार लागत नाही. नेहमीच्या वापरातील फॉस्फरमध्ये डिस्प्रोशियमचे प्रमाण सुमारे ०.०५ मोल टक्के असते, म्हणजे कॅल्शियमच्या दोन हजार अणूंमागे डिस्प्रोशियमचा एक. प्रमाण वाढवत गेले तर प्रकाश आधी वाढतो आणि मग कमी होऊ लागतो, कारण परके अणू एकमेकांच्या फार जवळ आले की ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडण्याऐवजी त्यांच्यातच फिरत राहून वाया जाते. शिवाय कॅल्शियमवर दोन धन भार असतात आणि डिस्प्रोशियमवर तीन, त्यामुळे हिशेब जुळवण्यासाठी दोन डिस्प्रोशियममागे कॅल्शियमची एक जागा स्फटिकाला रिकामी ठेवावी लागते. सापळ्यांचे मूळ या रिकाम्या जागांशी निगडित आहे हे सर्वांना मान्य आहे. पण डिस्प्रोशियमची नेमकी भूमिका काय, यावर मात्र पुष्कळ वाद झाला. के. एस. व्ही. नंबी, व्ही. एन. बापट आणि ए. के. गांगुली या भारतीय शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये असे मांडले की प्रारणामुळे विरल मृत्तिकेच्या आयनाचा भारच तीनवरून दोन होतो आणि तापवल्यावर तो पुन्हा तीनवर येतो. दुसऱ्या मतानुसार भार बदलण्याचे काम सल्फेट गटच करतात, त्यांचे तुटलेले आणि भार गमावलेले अवशेष चुंबकीय अनुस्पंदनाच्या प्रयोगांत प्रत्यक्ष दिसतात, आणि डिस्प्रोशियम फक्त शेवटी ऊर्जा घेऊन प्रकाश देते. प्रकाश डिस्प्रोशियमचाच असतो यात शंका नाही, कारण वर्णपटात ४८० नॅनोमीटरजवळची निळी आणि ५७० नॅनोमीटरजवळची पिवळी या त्याच्या ठरलेल्या खुणा स्पष्ट उमटतात. मात्रा मोजणाऱ्याला हा वाद सुटण्याची वाट पाहावी लागली नाही, ही विज्ञानातली नेहमीचीच गोष्ट आहे.

भारतात प्रारणकर्मींच्या मात्रामापनाची सेवा १९५० च्या दशकाच्या आरंभी छायाचित्रणाच्या फिल्मवर सुरू झाली. फिल्म प्रारणाने काळी पडते, परंतु ती उष्णतेने आणि दमट हवेनेही काळी पडते, आणि भारतात या दोन्ही गोष्टींना तोटा नाही. शिवाय फिल्म एकदाच वापरता येते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने १९७५ पासून फिल्मच्या जागी डिस्प्रोशियमयुक्त कॅल्शियम सल्फेटचा बिल्ला आणण्यास सुरुवात केली. जगात अनेक देश तेव्हा लिथियम फ्लोराइडकडे वळत होते. कॅल्शियम सल्फेटची निवड करण्यामागे दोन गोष्टी होत्या: तो लिथियम फ्लोराइडपेक्षा सुमारे तीस पट अधिक प्रकाश देतो, आणि तो देशातच, तुलनेने साध्या कृतीने आणि कमी खर्चात तयार करता येतो. कॅल्शियम सल्फेट आणि डिस्प्रोशियम ऑक्साइड तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळवून ते आम्ल तीनशे अंशांहून अधिक तापमानाला हळूहळू उडवून लावले की तळाशी बारीक स्फटिक उरतात. ते धुऊन, वाळवून, सुमारे ७०० अंशांना भाजून, कुटून ७५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक चाळून घेतात. कृती साधी म्हटली तरी सल्फ्युरिक आम्लाच्या वाफा सोसणारी यंत्रणा आणि त्या वाफा पुन्हा पकडण्याची व्यवस्था लागते, आणि स्फटिकांचा आकार, भट्टीचा काळ किंवा आम्ल उडण्याचा वेग थोडा बदलला तरी एका घाण्याचा फॉस्फर दुसऱ्या घाण्यासारखा निघत नाही. ही भुकटी तिप्पट वजनाच्या टेफ्लॉनमध्ये मिसळून, दाबून आणि तापवून चकत्या करतात.

आता या पदार्थाच्या दोषाकडे वळावे लागते, कारण बिल्ल्याची सारी रचना त्या दोषाभोवती उभी आहे. शरीरातील ऊतकाचा प्रभावी अणुक्रमांक, म्हणजे त्यातील सर्व मूलद्रव्यांचा मिळून प्रारणाला जाणवणारा सरासरी अणुक्रमांक, सुमारे ७.४ आहे, लिथियम फ्लोराइडचा ८.२ आहे, तर कॅल्शियम सल्फेटचा १५ पेक्षा जास्त. कमी ऊर्जेचे क्ष-किरण ज्या प्रकाशविद्युत परिणामाने शोषले जातात तो अणुक्रमांकाच्या साधारण तिसऱ्या घातानुसार वाढतो, म्हणून अणुक्रमांक दुप्पट झाला की शोषण सुमारे आठ ते दहा पटींवर जाते. उच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांसाठी हा परिणाम नगण्य असल्यामुळे तिथे सल्फेट प्रामाणिक असते. परंतु ३० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास तेच सल्फेट प्रत्यक्ष मात्रेच्या दहापट आकडा सांगू लागते. आणि दवाखान्यातले निदानाचे क्ष-किरण यंत्र, ज्याची नळी ६० ते १०० किलोव्होल्टवर चालते, नेमके ३० ते ५० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट या सरासरी ऊर्जेचे किरण बाहेर टाकते. अणुभट्टीतल्या कामगारापेक्षा गावातल्या क्ष-किरण तंत्रज्ञाच्या बाबतीतच हा फॉस्फर अधिक बढाईखोर ठरतो, आणि बिल्ला वापरणाऱ्यांत अशा तंत्रज्ञांची संख्या मोठी आहे.

एकाऐवजी तीन चकत्या असण्याचे कारण हेच. बिल्ल्याच्या कवचात पहिल्या चकतीवर तांबे आणि अॅल्युमिनियमचा मिळून सुमारे २ मिलिमीटर जाडीचा पत्रा येतो, दुसरीवर १.६ मिलिमीटर प्लास्टिक आणि तिसरीवर मोकळी खिडकी. धातूचा पत्रा कमी ऊर्जेचे किरण बहुतांशी अडवतो, म्हणजे चकती ज्या किरणांना अवाजवी भाव देते तेच तिच्यापर्यंत कमी पोहोचतात, आणि बढाईचा बराचसा भाग परस्पर वजा होतो. प्लास्टिक क्ष-किरणांना फारसे अडवत नाही पण बीटा कणांना बऱ्यापैकी अडवते. तिन्ही चकत्यांचे आकडे जवळपास सारखे आले तर प्रारण गॅमा किरणांचे होते. उघड्या आणि प्लास्टिकखालच्या चकत्यांनी मोठा आकडा दाखवला पण धातूखालच्या चकतीने लहान, तर क्ष-किरणांचे. आणि फक्त उघडी चकतीच उजळली तर बीटा कणांचे. तीन आकड्यांच्या गुणोत्तरांवरून किरणांची ऊर्जा ओळखायची, आणि ऊर्जेवरून दुरुस्तीचा गुणक लावायचा, ही युक्ती पदार्थाच्या दोषालाच माहितीचे साधन बनवते. जो फॉस्फर ऊतकासारखाच वागतो त्याच्याकडून एवढी माहिती एवढ्या सहजी मिळाली नसती. या निवडीवर पुढे कितीही टीका झाली असली तरी तिच्यातले हे चातुर्य मान्य करावे लागते.

मात्र या युक्तीला वापरणाऱ्याची साथ लागते. बिल्ला उलटा लावला तर गुणोत्तरे भलतीच येतात. घरी जाताना बिल्ला क्ष-किरणाच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवला, तर तो माणसाची नव्हे, खुंटीची मात्रा नोंदवतो. प्रत्येक संस्थेला दिला जाणारा नियंत्रण बिल्ला प्रारणापासून दूर ठेवायचा असतो, कारण त्याचा आकडा बाकीच्या बिल्ल्यांच्या आकड्यांतून वजा केला जातो. तो चुकून यंत्राजवळ राहिला तर सर्वांच्या मात्रा एकदम कमी दिसू लागतात.

नियंत्रण बिल्ल्यात जे साचते ते निसर्गाचे प्रारण असते. जमिनीतील युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्याकडून आणि अवकाशातून येणाऱ्या किरणांकडून जगात सरासरीने माणसाला बाहेरून वर्षाला एक मिलिसिव्हर्टपेक्षा थोडी कमी मात्रा मिळते. म्हणजे तीन महिन्यांत मिलिसिव्हर्टचा पाचवा हिस्सा. उमरेडच्या खुल्या खाणींतून निघणाऱ्या कोळशातही, कोणत्याही कोळशाप्रमाणे, या मूलद्रव्यांचे सूक्ष्म अंश असतात आणि तो जळल्यावर ते राखेत एकवटतात. परिसराचे असे क्षीण प्रारण मोजायचे असते तिथे सल्फेटाची तीसपट संवेदनशीलता खरी उपयोगी पडते. अणुविद्युत केंद्रांच्या भोवतालच्या गावांत हेच फॉस्फर तीन-तीन महिने टांगून ठेवले जातात. पुरातत्त्वातही त्याचा एक अनपेक्षित उपयोग झाला. भाजलेल्या मडक्यातील क्वार्ट्‌झचे कण भट्टीत आपली जुनी स्मृती गमावतात आणि तेव्हापासून नव्याने प्रारण साठवू लागतात, म्हणून त्यांची उष्मासंदीप्ती मोजून खापराचे वय काढता येते. पण त्यासाठी त्या जागेची माती वर्षाला किती मात्रा देते हे माहीत असावे लागते, आणि ते जाणण्यासाठी कॅल्शियम सल्फेटच्या कुप्या त्याच मातीत महिनोन्‌महिने पुरून ठेवतात. उमरेडहून भिवापूरमार्गे गाठता येणाऱ्या पवनीसारख्या प्राचीन स्थळांवर, जिथे १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी उत्खनन केले, खापरांचा तुटवडा कधीच नसतो.

सल्फेटाच्या संशोधनात नागपूरचे नाव ठळक आहे. नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात एस. व्ही. मोहरील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅल्शियम सल्फेटाच्या यंत्रणेचा अभ्यास करतानाच एकाऐवजी दोन धातूंचे मिश्र सल्फेट तपासले, आणि १९९० च्या सुमारास पी. डी. सहारे यांच्यासह युरोपियमयुक्त पोटॅशियम-कॅल्शियम सल्फेट हा फॉस्फर पुढे आणला, जो डिस्प्रोशियमयुक्त कॅल्शियम सल्फेटाहूनही कित्येक पट तेजस्वी होता. युरोपियमचा प्रकाश वर्णपटाच्या जांभळ्या टोकाकडे पडतो आणि प्रकाश मोजणाऱ्या प्रकाशगुणक नलिका त्याच भागात अधिक संवेदनशील असतात, हाही त्याचा एक फायदा. तेव्हापासून विद्यापीठात आणि नागपूर जिल्ह्यातील महाविद्यालयांत या विषयाची परंपराच रुजली. याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे: भट्टी, तराजू, काही ग्रॅम विरल मृत्तिका आणि संयम एवढ्या भांडवलावर तालुक्याच्या गावातील शिक्षकालाही या क्षेत्रात खरे काम करता येते, मोठे यंत्र लागले तर तेवढ्यापुरते नागपूर किंवा मुंबई गाठावे लागते.

तरीही बिल्ल्यातील चकती बदललेली नाही. नवा फॉस्फर जाहीर करणाऱ्या निबंधांत संवेदनशीलतेचा आकडा सर्वांत पुढे झळकतो, परंतु ती या शर्यतीतली सर्वांत सोपी पायरी आहे, आणि तिला दिले जाणारे महत्त्व जास्तच म्हटले पाहिजे. मात्रामापकाला कमी-अधिक मात्रांना सरळ प्रमाणात उत्तर द्यावे लागते, हवेतील ओलावा पिऊन बदलायचे नसते, महिनोन्‌महिने गळायचे नसते, शेकडो वेळा तापवूनही तसेच राहायचे असते आणि शंभराव्या घाण्याला पहिल्यासारखेच निघायचे असते. तेजस्वी फॉस्फर बहुधा यांपैकी एखाद्या परीक्षेत नापास होतो. त्यातच दोन्ही फिल्टर, गुणोत्तरांची कोष्टके आणि वाचनयंत्रे एका विशिष्ट पदार्थावर बेतलेली असल्यामुळे पदार्थ बदलणे म्हणजे सारी साखळी नव्याने प्रमाणित करणे होय. नव्या सल्फेटांना, विशेषतः अब्जांश मीटरच्या मापाच्या कणांच्या रूपातील सल्फेटांना, आता वेगळ्याच ठिकाणी मागणी आहे: अन्न आणि वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करताना दिली जाणारी प्रचंड मात्रा मोजण्यासाठी, जिथे नेहमीची चकती केव्हाच तृप्त होऊन जाते.

परत आलेल्या बिल्ल्यातील पट्टी वाचनयंत्रात सरकवली जाते. तिच्या कडेला असलेल्या कापामुळे ती उलटी बसू शकत नाही. एकेका चकतीवर सुमारे २८५ अंश तापमानाच्या नायट्रोजनचा झोत सोडतात. हवा वापरली तर प्राणवायूमुळे पृष्ठभागावर प्रारणाशी संबंध नसलेला खोटा प्रकाश निर्माण होतो. अर्ध्या मिनिटात तीन महिन्यांचे सापळे रिकामे होतात, प्रकाशगुणक नलिका तो उजेड मोजते आणि संगणक त्याची मात्रा करतो. वाचन दुसऱ्यांदा करता येत नाही, कारण पहिल्याच वाचनाने नोंद पुसलेली असते. त्यानंतर पट्ट्या भट्टीत २३० अंशांना काही तास ठेवून उरलेसुरले इलेक्ट्रॉनही बाहेर काढले जातात, या क्रियेला अनुशीतन म्हणतात. टेफ्लॉन याहून फार अधिक तापमान सोसत नाही, म्हणून ती मर्यादा. तंत्रज्ञाचा आकडा त्याच्या नावापुढे राष्ट्रीय मात्रा-नोंदवहीत जातो आणि तो नोकरी बदलून दुसऱ्या गावी गेला तरी तिथे त्याच्या पुढच्या आकड्यात मिळवला जातो. पट्टीवर मात्र नव्या तिमाहीचे, दुसऱ्याच कोणाचे तरी नाव छापलेले कागदी वेष्टन चढते.